शरण ‘जाणे’ म्हणजे काय?

किल्लेदार शरण येतो, फरार आरोपी पोलिसांना शरण जातो. मराठीत या शब्दाला हरल्याचा वास आहे. बुद्ध, धम्म आणि संघ या तिघांना शरण जाण्याचे बौद्ध वचन म्हणजे त्रिशरण. त्यातला पाली ‘सरण’ मात्र निराळा आहे. त्याचा अर्थ आसरा, जिथे भय उरत नाही अशी जागा. आणि ‘गच्छामि’ म्हणजे मी जातो, मी जाते. जाणारा आपल्या पायांनी जातो, आणि क्रियापद एकवचनी आहे. हजार माणसे एका सुरात म्हणत असली, तरी प्रत्येक जण स्वतःपुरतेच बोलत असतो.

पहिल्यांदा मात्र ते अनेकवचनी होते. विनयपिटकातल्या महावग्गात ती हकिकत येते. बोधिप्राप्तीला काही आठवडे उलटले होते. उक्कल देशाकडून येणाऱ्या तपुस्स आणि भल्लिक या व्यापाऱ्यांनी बुद्धांना सत्तू आणि मधाचे लाडू दिले आणि ‘आम्ही शरण जातो’ असे दोघांनी मिळून सांगितले. तेही बुद्ध आणि धम्म या दोघांनाच, कारण संघ अजून जन्मलाच नव्हता. म्हणून त्यांना ‘द्वेवाचिक’, म्हणजे दोन वचनांचे उपासक म्हणतात.

पुढे सारनाथजवळ पंचवर्गीय, म्हणजे पहिल्या पाच भिक्खूंना उपदेश झाला आणि संघ उभा राहिला. मग वाराणसीचा यश हा धनिकपुत्र रात्रीच घर सोडून बुद्धांकडे आला. त्याच्या सोन्याच्या पादुकांच्या खुणा धरून वडील शोधत आले. आले होते मुलाला परत न्यायला. धम्म ऐकला आणि तिन्हींना शरण जाणारे पहिले उपासक ठरले. त्यांच्या वाक्यात ‘मी’ आहे. पाठोपाठ यशची आई आणि पत्नी या पहिल्या उपासिका झाल्या.

लवकरच हेच वचन संघाचे दार बनले. दूरदूरच्या लोकांना प्रव्रज्येसाठी, म्हणजे घर सोडून संघात येण्यासाठी, बुद्धांपर्यंत आणताना भिक्खू आणि येणारे, दोघेही दमून जात. तेव्हा बुद्धांनी भिक्खूंनाच परवानगी दिली: मुंडन करून, चीवर नेसवून, हात जोडून बसलेल्या माणसाकडून त्रिशरण तीनदा म्हणवून घ्या. नंतर उपसंपदेसाठी, म्हणजे पूर्ण भिक्खू होण्यासाठी, संघापुढे एक प्रस्ताव आणि तीन घोषणा अशी रीत आली. श्रामणेर, म्हणजे नवशिका भिक्खू, मात्र आजही त्रिशरणानेच होतो. थेरवादी परंपरेत तिथे उच्चारात कसूर चालत नाही. शेवट एकदा अनुस्वाराने आणि एकदा स्पष्ट ‘म्’ने म्हणवून घेण्याची पद्धतही आहे.

पण शब्द अचूक आले, मान लवली, म्हणजे शरण जाणे झाले का? दीघनिकायाच्या अट्ठकथेने, म्हणजे पाली भाष्याने, याचा कीस काढला आहे. एखादा शाक्य ‘हे आमच्या कुळातले’ म्हणून बुद्धांपुढे वाकला, तर ते शरणगमन नव्हे. ‘राजेरजवाडे यांना मानतात, न वाकावे तर नुकसान व्हायचे’ या धाकाने वाकला, तरी नव्हे. पूर्वी यांनी काही शिकवले होते, एवढ्यासाठी वाकला, तरी नव्हे. जगात वंदनाला सर्वांत योग्य हेच, असे जाणून वाकला तरच ते खरे. नाते, भीती, उपकार या आपल्याकडच्या पाया पडण्याच्या तिन्ही नेहमीच्या कारणांवर इथे काट मारली आहे.

धम्मपदही तेच वेगळ्या अंगाने सांगते. घाबरलेली माणसे डोंगर, वने, झाडे यांचा आसरा धरतात, पण त्याने दुःख सुटत नाही. चार आर्यसत्ये समजली तर सुटते. म्हणजे बुद्ध वाट दाखवतात, चालायचे आपण. महापरिनिब्बानसुत्तात तर आजारातून उठलेले वृद्ध बुद्ध शिष्य आनंदांना सांगतात, की स्वतःच स्वतःचे ‘दीप’ आणि शरण व्हा. पालीत ‘दीप’ म्हणजे दिवा, तसेच बेटही. पुरात सापडलेल्याच्या पायाला लागणारी जमीन, हा अर्थ शरणाच्या अधिक जवळचा वाटतो.

हे ‘गच्छामि’ 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात घुमले. अशोक विजयादशमीच्या त्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या पत्नी माईसाहेबांनी कुशीनगरच्या भदन्त चंद्रमणी महास्थविरांकडून त्रिशरण आणि पंचशील घेतले. मग बाबासाहेबांनी दीक्षा घेऊ इच्छिणाऱ्यांना उभे राहायला सांगितले. लाखोंचा समुदाय उठला. त्याला त्रिशरण, पंचशील आणि 22 प्रतिज्ञा त्यांनी स्वतः दिल्या. गृहस्थाने गृहस्थांना दीक्षा देणे ही मोठीच गोष्ट होती, आणि तिच्यामागे विचार होता. ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात ते म्हणतात, की संघात शिरणाऱ्याला दीक्षा होती, धम्मात येणाऱ्या गृहस्थाला वेगळी दीक्षा नव्हती. त्यामुळे उपासक एक पाय इथे, एक पाय तिथे ठेवू शकत. धम्माच्या ऱ्हासाचे हे एक कारण. त्रिशरणात कुठे जायचे ते आहे. कुठून निघायचे, ते 22 प्रतिज्ञांनी सांगितले. आधीच्या देवदेवता आणि कर्मकांडे नावे घेऊन सोडल्यावर मागे पाऊल ठेवायला जागा राहिली नाही.

आज महाराष्ट्रात गृहप्रवेश असो, लग्न असो की पुण्यानुमोदन, पांढऱ्या वस्त्राने झाकलेल्या टेबलावर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमा असतात, मेणबत्ती-अगरबत्ती लागते. भन्ते किंवा बौद्धाचार्य पुढे म्हणतात, मंडळी मागून म्हणतात. ‘दुतियम्पि’ (दुसऱ्यांदाही), ‘ततियम्पि’ (तिसऱ्यांदाही) येते आणि शेवटी ‘साधु, साधु, साधु’. नामकरणात आईच्या मांडीवरचे बाळ मात्र नुसते टुकूटुकू बघत असते. त्याचे काय?

मज्झिमनिकायात बोधी नावाचा राजकुमार आहे. त्याने बुद्ध आणि धम्माची तोंडभरून स्तुती केली, तेव्हा सोबतच्या तरुणाने टोकले: एवढे म्हणता, पण शरण गेल्याचे काही बोलत नाही! राजकुमार म्हणाला, तसे नको म्हणूस. मी पोटात असताना आईने भगवंतांना सांगितले होते, की मुलगा असो वा मुलगी, हे मूल शरण जात आहे. पुढे दाईने मला कडेवर घेऊन तेच सांगितले. आज तिसऱ्यांदा माझे मी जातो.