मुलांच्या खेळांची चित्रवही

डिसेंबर महिना उजाडला कीं शाळेच्या मैदानावर चुन्याच्या रेघा पडूं लागतात. नाताळच्या सुट्टीपूर्वीं धांवण्याच्या शर्यती, खो-खो, कबड्डी, लंगडी इत्यादि सामने उरकावयाचे असतात, आणि त्या चार दिवसांत मैदानावर जितके गडी नसतील तितके मोबाईल दोरीपलीकडील पालकांच्या हातीं दिसतात. छायाचित्रें शेंकड्यांनीं निघतात. परंतु सहा महिन्यांनीं एखाद्या गृहस्थास, "आपल्या चिरंजीवांचें उंच उडीचें चित्र पाहूं द्या," अशी विनंती केली, तर ते बराच वेळ कांचेवर बोट फिरवीत बसतात, आणि अखेरीस कोणाच्या तरी लग्नाची पंगत दाखवितात! मोबाईल हरवला तर तेवढीही सोय उरत नाहीं. म्हणून निवडक चित्रें कागदावर उतरवून त्यांची एक वही करावी, असें आम्ही पालकांस व विद्यार्थ्यांस सुचवितों.

अशी एक वही इयत्ता सातवींतील एका मुलीनें आम्हांस दाखविली, तिची हकीकत प्रथम सांगतों. पहिल्याच पानावर ती खेळतांना दिसत नाहीं. खो-खोच्या मैदानाबाहेर, राखीव गड्यांच्या जागीं, मांडीवर मैत्रिणींचे रुमाल व पाण्याच्या बाटल्या घेऊन ती बसलेली आहे. खालीं तिच्याच हस्ताक्षरांत लिहिलें आहे : "आज मला घेतलें नाहीं. आमचा संघ एका गुणानें हरला." आईस हें चित्र मुळींच आवडलें नव्हतें, असलें रडवें तोंड वहींत कशाला, असें त्या माउलीचें म्हणणें. मुलगी म्हणाली, "आई, हें काढूं नकोस ना. पुढच्या पानावर मी आंत आहे, तें मग कसें कळेल?"

ह्या उत्तरांत वहीचें सर्व शास्त्र आलें असें आम्हांस वाटतें. बहुतेक घरांतील आल्बमांत केवळ करंडक असतात. मूल करंडक घेऊन उभें आहे, शेजारीं पाहुणे आहेत, मागें पडदा आहे. पान उलटलें कीं पुन्हां तेंच. त्या करंडकासाठीं पहांटे उठून कोण धांवलें, गुडघा कोठें फुटला, कोणत्या सामन्यांत धाप लागून बसावें लागलें, ह्याचा मागमूस नाहीं. आणि ज्या मुलास करंडक कधींच मिळाला नाहीं, त्याची तर वहीच होत नाहीं. वास्तविक तोही तितकाच धांवलेला असतो.

आतां चित्रें घेण्याविषयीं. धांवत्या प्राण्याचें स्पष्ट चित्र घेणें एके काळीं अशक्यप्राय होतें. घोडा भरधांव पळत असतां त्याचे चारही पाय एकाच वेळीं जमिनीवरून सुटतात काय, ह्या प्रश्नाचा निकाल डोळ्यांनीं लागेना. १८७८ सालीं अमेरिकेंत कॅलिफोर्नियांतील पालो आल्टो येथें माय्‌ब्रिज ह्या छायाचित्रकारानें बारा कॅमेरे एका रांगेंत मांडले आणि घोड्याच्या वाटेंत आडवे दोरे ताणले. दोरा ताणून तुटे तसतसा एकेक कॅमेरा उघडे. पाय सुटतात हें त्यांवरून सिद्ध झालें. परंतु चित्रकार रंगवीत असत तसे पुढें-मागें पसरलेले असतांना नव्हे, तर पोटाखालीं गोळा झालेले असतांना!

आपल्या मुलांच्या बाबतींतही हाच प्रश्न आहे. शाळेंतील चपळ मुलगा एका सेकंदांत सुमारें ६ मीटर धांवतो असें धरा. कॅमेऱ्याची झडप सेकंदाचा साठावा भाग उघडी राहिली, तर तेवढ्यांत तो १० सेंटिमीटर पुढें सरकतो, आणि चित्रांत त्याचें तोंड पुसल्यासारखें दिसतें. तीच झडप हजाराव्या भागांत मिटली, तर सरकणें अवघें ६ मिलिमीटर. झडप इतक्या लवकर मिटावयाची तर उजेड भरपूर हवा; म्हणून सांयकाळच्या अंधुक प्रकाशांतील शर्यतींचीं चित्रें फसतात. भर दुपारीं उजेड असतो खरा, पण कपाळाची सावली डोळ्यांवर पडते. सकाळची वेळ उत्तम. सूर्य आपल्या पाठीशीं असावा, आणि आपण गुडघा टेंकून मुलाच्या छातीच्या उंचीवर यावें. उभ्यानें घेतलेल्या चित्रांत मुलें बुटकीं व मैदानाला चिकटल्यासारखीं दिसतात.

खेळ समजला म्हणजे चित्र निम्मे साधलेंच. कबड्डींत चढाईस ३० सेकंद मिळतात. त्यांतील पाहण्यासारखा क्षण शेवटचा, जेव्हां पकडला गेलेला गडी मध्यरेषेकडे हात लांबवितो. तेव्हां मध्यरेषेच्या टोकाशीं, मैदानाबाहेर जागा धरावी, म्हणजे रेषा व बोटें दोन्ही एकाच चित्रांत येतात. खो-खोंत पाठलाग करणाऱ्यास एकदां दिशा धरल्यावर खांबापर्यंत मागें फिरतां येत नाहीं. मध्येंच त्यानें खो दिला नाहीं तर तो खांबाकडे येणार, हें आपणांस आधींच ठाऊक असतें. खांबाच्या मागें, पंचांच्या व खेळाडूंच्या वाटेंत न येतां, थांबून राहावें. चढाईवर निघालेल्या मुलाच्या डोळ्यांवर दिव्याचा झोत टाकणारे पालक आम्हीं पाहिले आहेत. त्यांस काय म्हणावें?

निवड करणें सर्वांत कठीण. एका वर्षास तीस चित्रें पुष्कळ झालीं. निवडतांना मुलास शेजारीं बसवावें व अखेरचा शब्द त्याचा असावा. एखादें चित्र त्यास लाजिरवाणें वाटत असेल तर तें आपणांस कितीही गोड वाटो, काढून टाकावें. आणि त्यानें पराभवाचें ठेवा म्हटलें तर ठेवावें. चित्रांत दुसऱ्यांचीं मुलें असतात. तीं घरच्या वहींत राहिलीं तर फारशी हरकत नाहीं, पण त्यांच्या आईबापांस न विचारतां तीं जगभर पाठवूं नयेत.

सहा इंच रुंद व चार इंच उंच चित्र स्वच्छ छापावयाचें तर मूळ चित्रांत १८०० गुणिले १२०० बिंदू हवेत. संदेशांतून इकडून तिकडे आलेलें चित्र वाटेंत आकसलेलें असतें; म्हणून ज्यानें तें घेतलें त्याच्याकडून मूळ प्रतच मागावी. हल्लीं सबंध पुस्तक बांधून छापूनही मिळतें व तें सुबक दिसतें. तरी आमचा ओढा जाड कागदाच्या साध्या वहीकडे आहे, कारण तींत मुलास लिहितां येतें. खळीनें चिकटवूं नये. पावसाळ्यांत तिला बुरशी येते व कसर लागते. चारी कोपऱ्यांस कागदी कोन लावून त्यांत चित्र बसवावें. चिकट पानांवर पातळ प्लास्टिक असलेले आल्बम सोयीचे वाटतात, परंतु कांहीं वर्षांनीं तीं पानें पिवळीं पडतात व चित्र सोडवूं गेलें तर फाटतें. वही भिंतीस लागून ठेवूं नये.

प्रत्येक चित्राखालीं तारीख, मैदान, प्रतिपक्ष व सोबत्यांचीं नांवें लिहावींत. आज हें सर्व तोंडपाठ असतें. दहा वर्षांनीं उजवीकडून तिसरा कोण, ह्यावर घरांत वाद होतात. मजकूर मुलानेंच लिहावा. त्यांत ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका राहिल्या तर राहूं द्याव्या, आम्ही शिक्षक असूनही असें सांगतों.

एक गोष्ट मात्र जवळजवळ प्रत्येक वहींत राहून जाते. चित्रें घेणारा स्वतः कोठेंच नसतो. वर सांगितलेल्या मुलीनें शेवटच्या पानावर जें चित्र लावलें आहे, तें तिच्या मैत्रिणीनें घेतलेलें, थोडें वांकडें आलेलें आहे : दोरीपाशीं उन्हांत गुडघे टेंकून बसलेली आई, एक डोळा मिटलेला, आणि पदराला चुन्याची पांढरी रेघ लागलेली.