निकालानंतर मतदाराचे काम संपले काय?

जिल्हा परिषदेचा निकाल लागला की कोणत्या पक्षास किती जागा मिळाल्या याची बेरीज प्रत्येक चावडीवर होते, गुलाल उधळला जातो, आणि आठ दिवसांत सर्व शांत होते. परंतु निकालाचा खरा अर्थ त्या बेरजेत नसून निवडून आलेले सदस्य पुढे काय करतात यात आहे. 2017 सालच्या निवडणुकीचा पुढील इतिहास पाहिला असता हे कोणासही पटेल.

त्या वर्षी 16 व 21 फेब्रुवारी रोजी महाराष्ट्रातील 25 जिल्हा परिषदांसाठी मतदान होऊन 23 तारखेस मोजणी झाली. भारतीय जनता पक्ष सर्वांत मोठा ठरला. तथापि अनेक जिल्ह्यांत कोणासही स्वबळावर बहुमत मिळाले नाही. 21 मार्च रोजी अध्यक्षांच्या निवडी झाल्या, तेव्हा कोठे शिवसेना व काँग्रेस एकत्र बसल्या, तर बीडमध्ये राष्ट्रवादी काँग्रेसचे काही सदस्य फुटून अध्यक्षपद भाजपकडे गेले. आघाडी करणे हेच पाप, असे आम्ही म्हणत नाही. अध्यक्षास मतदार नव्हे, सदस्य निवडतात. बहुमत नसल्यास तडजोड अटळच आहे. पण वकिलाने अशिलास न विचारता प्रतिपक्षाशी तडजोड केली, तर त्यास आपण काय म्हणतो? 1986 चा अनर्हता कायदा पक्षाचा आदेश मोडणाऱ्या सदस्यास शासन करतो. पक्षच मतदारास विसरला तर त्यावर त्या कायद्यात औषध नाही. ते औषध मतदाराच्याच हाती आहे.

याहून गंभीर गोष्ट पुढे घडली. या परिषदांची पाच वर्षांची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि नवी निवडणूक न होता कारभार प्रशासकाच्या हाती गेला. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे, असे घटनेचे कलम 243-ई स्वच्छ शब्दांत सांगते. इतर मागासवर्गीयांच्या राखीव जागांचा वाद हे विलंबाचे मुख्य कारण होते. त्या वर्गांची प्रतिनिधित्वाची मागणी न्याय्यच आहे. परंतु त्यासाठी स्वतंत्र आयोग नेमून माहिती गोळा करावी, असे सर्वोच्च न्यायालयाने 4 मार्च 2021 रोजीच सांगितले होते. आयोग नेमण्यास मार्च 2022 उजाडला, ही दिरंगाई मतदारांनी केलेली नव्हती. अखेर 6 मे 2025 रोजी न्यायालयास चार महिन्यांत निवडणुका घेण्याचा हुकूम द्यावा लागला, आणि तीही मुदत पुढे 31 जानेवारी 2026 पर्यंत वाढवावी लागली.

प्रशासकाच्या अमलात रस्ते झाले नाहीत काय, असे कोणी विचारील. झाले असतील, पण प्रश्न तो नव्हे. 1884 च्या कायद्याखाली जिल्हा लोकल बोर्डाचा अध्यक्ष कलेक्टर असे, आणि तेव्हाही रस्ते होतच होते! ती स्थिती पालटावी म्हणूनच पिढ्यान् पिढ्या स्थानिक स्वराज्याची मागणी झाली. वसंतराव नाईक समितीने कलेक्टरास परिषदेबाहेर ठेवून जिल्हा हाच सत्तेचा मुख्य घटक मानला, आणि 1961 चा अधिनियम होऊन 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याने अंमलबजावणी करावी आणि लोकनियुक्त सभेने त्यास जाब विचारावा, ही तिची रचना. तोच अधिकारी प्रशासक झाला म्हणजे हिशेब देणारा व हिशेब घेणारा एकच माणूस झाला. शाळेत शिक्षक नाही, आरोग्य केंद्रात औषध नाही, ही तक्रार सभागृहात मांडणार कोण?

म्हणून मतदारांस आमचे सांगणे एवढेच की, निकालाच्या दिवशी आपले कर्तव्य संपले असे त्यांनी समजू नये. आघाडी कोणाशी व कोणत्या अटीवर केली, हे सदस्यास गावी बोलावून विचारावे. अंदाजपत्रकात आपल्या गटास काय मिळाले व त्यातील किती खर्च झाले, हे दरसाल मागावे. आणि मुदत संपण्यास एक वर्ष उरले की पुढील निवडणुकीची तयारी कोठवर आली, असा प्रश्न सरकारास टाकावा. मालक झोपी गेला तर कारभारी मालक होतो. आणि मग दोष केवळ कारभाऱ्याचा राहत नाही.