खाणीशेजारचे पाणी

लोखंड हवे तर डोंगर फोडावा लागतो, हे आपण सारेच जाणतो. परंतु डोंगर फोडताना त्याच्या पोटातील पाण्यालाही धक्का बसतो, ही गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. आमच्या गोव्यात डिचोली, सत्तरी, सांगे या तालुक्यांत लोहखनिजाच्या खाणी आहेत आणि त्यांच्या पायथ्याशी विहिरी, कुळागरे व भातशेते आहेत. खाणीमुळे पाणी बिघडले काय, असा वाद तेथे वारंवार निघतो. एक म्हणतो, बिघडले. दुसरा म्हणतो, ते पूर्वीपासूनच असे आहे. या वादाचा निवाडा शास्त्र कसा करते, हे आम्ही येथे थोडक्यात सांगणार आहोत.

प्रथम खाणीत पाणी येते कोठून ते पाहू. गोव्यात वर्षाकाठी सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. हे पाणी जांभ्या दगडातून झिरपून खालच्या थरांत साठते. पुष्कळ ठिकाणी खनिज या भूजलाच्या पातळीखाली असते. म्हणून ते काढण्यासाठी पाणी पंपाने उपसावे लागते. उपसा चालू राहिला की खड्ड्याभोवतीची पातळी खचते आणि शेजारच्या विहिरींचा तळ दिसू लागतो. पावसाळ्यात निराळेच संकट येते. टाकाऊ मातीच्या ढिगांवरून तांबडा गाळ वाहत येऊन ओढ्यांत व शेतांत पसरतो आणि अखेर मांडवी-जुवारीच्या पात्रांत जातो. सारांश, विहिरीचे मुख्य दुखणे पातळीचे, तर ओढ्याचे गाळाचे. देखरेख दोहोंवर ठेवावी लागते.

ओढ्याचे पाणी निदान दोन ठिकाणी तपासतात: खाणीच्या वरच्या अंगास आणि खालच्या अंगास. एकाच दिवशी वर नितळ आणि खाली गढूळ पाणी आढळले, तर मधल्या टापूत काय घडते याचा शोध घेता येतो. भूजलासाठी खाणीच्या चोहोबाजूंस निरीक्षणाच्या विहिरी ठरवितात. त्यांतील पाणी काठापासून किती खोल आहे हे मोजून, ती पातळी समुद्रसपाटीच्या हिशोबाने मांडतात. कारण उतारावरील दोन विहिरींचे काठ एका उंचीवर नसतात. अशा अनेक पातळ्या नकाशावर मांडल्या, म्हणजे भूजल कोणत्या दिशेस सरकत आहे ते कळते.

नमुना घेणे हे दिसते तितके सोपे काम नव्हे. कूपनलिकेत साचून राहिलेले पाणी आधी उपसून टाकावे लागते, नाही तर नळीतले शिळे पाणीच बाटलीत येते. पाण्याची आम्लता दाखविणारा सामू हा अंक तेथल्या तेथेच मोजावा लागतो, कारण प्रवासात तो बदलतो. विरघळलेले लोह हवा लागताच गंजाच्या रूपाने तळाशी बसते. म्हणून लोह तपासण्याच्या नमुन्यात थोडे नत्राम्ल घालतात. बाटलीवर स्थळ, दिवस व वेळ लिहिली नाही, तर सारे श्रम वाया जातात.

आता निवाड्याकडे वळू. पिण्याच्या पाण्याचा सामू 6.5 ते 8.5 असावा, असे भारतीय मानक सांगते. समजा, एका विहिरीत तो 6 भरला. दोष खाणीचा का? घाई करू नये. जांभ्याच्या प्रदेशातील विहिरींचे पाणी मुळातच पुष्कळदा किंचित आम्ल असते. उलट, आज सामू बरोबर भरला म्हणून विहिरीला काहीच झाले नाही, असेही म्हणता येत नाही. पाणी शुद्ध असूनही पातळी दोन पुरुष खाली गेलेली असू शकते. म्हणून खाण सुरू होण्यापूर्वीची, निरनिराळ्या ऋतूंतील नोंद हवी. ती नसेल तर तक्रार करणाऱ्याजवळ पुरावा नाही आणि ती नाकारणाऱ्याजवळही नाही. एकट्या आकड्याला अर्थ नसतो. अर्थ असतो तो तुलनेला.

ही नोंद खाण थांबली तरी थांबवू नये. ऑक्टोबर 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातील खाणकाम थांबविले. पुढे ते काही अटींवर सुरू झाले, मार्च 2018 मध्ये पुन्हा बंद पडले आणि 2024 मध्ये डिचोलीत फिरून सुरू झाले. या बंदच्या काळातही पाऊस पडतच होता. खड्डे पाण्याने भरत होते आणि मातीचे ढीग जागच्या जागीच होते. माणसांचे काम थांबते. पाण्याचे थांबत नाही.

विद्यार्थी मित्रहो, सामू मोजण्याचे साधन आपणांजवळ नसेल, परंतु दोर, दगड आणि मोजपट्टी तर आहे! घरच्या वडीलधाऱ्यांना सोबत घेऊन दर महिन्याच्या ठरलेल्या दिवशी, पहाटे पाणी शेंदण्यापूर्वी, विहिरीचे पाणी काठापासून किती खोल आहे ते मोजावे आणि वहीत तारखेसह लिहावे. दहा वर्षांनी गावात तोच जुना वाद निघेल, तेव्हा कदाचित ती वहीच खरी साक्ष देईल.