एक गांव, अनेक वह्या



‘सामायिक माहिती’ हे शब्द कानांवर पडले, कीं यंत्रें आणि तारा डोळ्यांपुढें उभ्या राहतात. वस्तुतः हा प्रश्न यंत्रांचा थोडा आणि माणसांचा फार आहे. सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांच्या उदाहरणानें तो आज आपण समजावून घेऊं.

कोयनेचें धरण साताऱ्याच्या पाटण तालुक्यांत आहे. कऱ्हाडास कोयना कृष्णेस मिळते आणि तेंच पाणी पुढें सांगलीच्या आयर्विन पुलाखालून वाहतें. तेथें पाणी ४० फुटांवर आलें म्हणजे इशारा व ४५ फुटांवर आलें म्हणजे धोका, असें ठरलेलें आहे. १ ऑगस्ट १९४९ रोजीं जुन्या सातारा जिल्ह्यांतून दक्षिण सातारा हा जिल्हा निराळा झाला, व १९६० सालीं त्यास सांगली हें नांव मिळालें. कागदावर सीमा पडली, परंतु नदीनें ती मानली नाहीं. वर धरणांतून किती पाणी सोडलें हें खालीं वेळेवर कळलें, तरच काठचीं माणसें व गुरें हलवितां येतात. २०१९ च्या ऑगस्टांत व २०२१ च्या जुलैंत आलेल्या महापुरांनीं हा धडा पुन्हां पुन्हां शिकविला.

तरीही पाण्याची माहिती एकमेकांस देणें त्यांतल्या त्यांत सोपें. फुटाचें माप सर्वत्र एकच असतें. खरी कसोटी लागते ती पूर ओसरल्यावर. समजा, कृष्णाकाठच्या एखाद्या गांवीं एका विधवेचें घर पडलें व पीक वाहून गेलें. ग्रामपंचायतीच्या आकारणीच्या वहींत घर मयत पतीच्या नांवावर आहे, सातबाऱ्यावर चौघां भावांचीं नांवें आहेत, आणि शिधापत्रिका तिच्या स्वतःच्या नांवावर आहे. तिन्ही नोंदी आपापल्या जागीं खऱ्या असतील. पण त्या एकमेकींस ओळखत नाहींत, म्हणून मदत अडते.

हें असें कां होतें? पहिलें कारण अधिकाराची विभागणी. ज्यास आपण सवयीनें तलाठी म्हणतों तो महसूल खात्याचा. ज्यास आपण ग्रामसेवक म्हणत आलों तो १ मे १९६२ पासून सुरू झालेल्या जिल्हा परिषदेच्या व्यवस्थेतला. शिधापत्रिका पुरवठा खात्याची. प्रत्येकाचा वरिष्ठ निराळा, म्हणून प्रत्येकाची वही निराळी. सामायिक वहींत चूक निघाली तर ती दुरुस्त कोणी करावयाची, हें आधीं ठरलेलें नसेल तर कोणीही तींत हात घालण्यास धजत नाहीं.

दुसरें कारण लाभाचें. जो लिहितो त्यास लिहिण्याचें कांहीं फळ मिळालें पाहिजे. १ मे २०१८ पासून महाराष्ट्रांत डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळूं लागला. तो रुजला, कारण तो कायदेशीर कामास चालतो व शेतकऱ्याचा हेलपाटा वाचतो. उलटपक्षीं, जी माहिती केवळ वर पाठवावयाची आणि जिचा गांवास कांहीं उपयोग नाहीं, ती लिहिणाराच्या मनांत वेठ ठरते. तीच माहिती चार खात्यांच्या चार तक्त्यांत भरावी लागली, तर चौथ्या तक्त्यांत हात थकतो आणि आंकडा चुकतो.

तिसरें कारण ओळखीचें. एकाच नांवाचीं गांवें आपल्याकडे थोडीं नाहींत. खुर्द आणि बुद्रुक यांची गफलत तर नित्याची. म्हणून केंद्राच्या पंचायत राज मंत्रालयानें स्थानिक संस्थांच्या सूचींत प्रत्येक गांवास स्वतंत्र क्रमांक दिला आहे. सर्व खात्यांनीं तोच क्रमांक वापरला तर निम्मा घोळ आपोआप मिटेल.

चौथें आणि सर्वांत नाजूक कारण विश्वासाचें. घरांतील आजार, कर्ज, जात यांविषयींची नोंद कोण वाचणार, ही शंका लोकांस वाटते आणि ती वावगी नाहीं. २०२३ सालीं वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला तो याच जाणिवेनें. सामायिक म्हणजे सर्वांस उघडी नव्हे. ज्याचें जेवढें काम, त्यास तेवढीच नोंद दिसावी.

पिकाच्या नोंदींत एक नवी वाट दिसते. २०२१ सालापासून महसूल व कृषि या दोन खात्यांच्या ई-पीक पाहणींत शेतकरी स्वतःच मोबाइलवर आपल्या पिकाची नोंद करतो. ज्याचें शेत त्याच्याच हातीं लेखणी आली. मात्र ज्याच्यापाशीं तसा मोबाइल नाहीं किंवा ज्याच्या शिवारांत संदेश पोंचत नाहीं, त्यास हात देणारा माणूस गांवांतच असला पाहिजे. नाहीं तर वही नवी होईल आणि गरीब तेवढा वहीबाहेर राहील.

तात्पर्य, यंत्र आणण्यापूर्वीं प्रत्येक ग्रामसभेनें तीन प्रश्न विचारावेत: ही नोंद कोणाच्या उपयोगाची, तिची जबाबदारी कोणाची, आणि ती चुकली तर किती दिवसांत सुधारणार? यांचीं उत्तरें गांवाच्या फळ्यावर लिहिलीं गेलीं, तर पुढच्या पुरानंतर त्या विधवेस तीन कचेऱ्यांच्या पायऱ्या चढाव्या लागणार नाहींत.