घोडा घेतलात, पण नाल?

आपल्या नवी मुंबईत घोडा दिसतो तो बहुधा वरातीत! पण गोष्टीच्या खेळात तो हमखास भेटतो. १९७४ साली अमेरिकेत ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा असाच खेळ निघाला. टेबलाभोवती बसायचं, एकेक पात्र व्हायचं, फासे टाकत गोष्ट पुढे न्यायची. आपला वीर कागदावर झटकन ‘घोडा’ लिहितो आणि निघतो. पण घोड्याला दाणा-वैरण, पाणी आणि टापांना नाल नको का?

शिवरायांच्या घोडदळात याची चोख व्यवस्था होती. २५ घोड्यांमागे एक नालबंद आणि एक पखालजी, म्हणजे पखालीतून पाणी आणणारा. बारगिराला घोडा सरकारातून मिळे. शिलेदार स्वतःचा आणी. घोडा गेला, तर शिलेदाराचं घरचं नुकसान!

तेव्हा पुढच्या डावात आधी यादी करा: पाठीवर खोगीर, ते आवळायला तंग, पाय ठेवायला रिकीब, तोंडात लगाम, दाण्यासाठी तोबरा. आणि वाटेत नाल निखळला तर? जवळच्या गावात नालबंद शोधा. तो मिळेपर्यंत वीरानं खाली उतरून चालायचं. लंगडणाऱ्या घोड्याला पळवायचं नाही, बरं का!