नव्या प्रवाळाला नुसती आंघोळ पुरत नाही

मुंबईच्या कोस्टल रोडच्या वाटेत, हाजी अली आणि वरळीच्या खडकांवर प्रवाळांच्या १८ वसाहती आढळल्या. २०२० मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या मार्गदर्शनाखाली त्या मुंबईच्याच किनाऱ्यावर दुसरीकडे हलवल्या गेल्या. जागा बदलली, समुद्र तोच राहिला. ठाणे जिल्ह्यातल्या मानकोलीतल्या एखाद्या घरी रीफ टँकसाठी, म्हणजे प्रवाळांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी, आणलेल्या प्रवाळाचे तसे नसते. तो दूरच्या समुद्रातून, व्यापाऱ्यांच्या टाक्यांतून फिरत येतो आणि येताना तिथले किडे, अंडी, जिवाणू अंगावर घेऊन येतो.

अ‍ॅक्रोपोरा प्रवाळावर जगणारा चपटा कृमी यात सर्वांत लबाड. प्रवाळाचे मांस आणि त्यातले सूक्ष्म शैवाल त्याच्या पोटात जाते, त्यामुळे त्याचा रंग प्रवाळात मिसळून जातो. किडा दिसत नाही, दिसतात ते त्याने कुरतडलेले फिकट, गोलसर डाग. माँटिपोरा प्रवाळावर इवल्या पांढऱ्या समुद्री गोगलगाई पोसल्या जातात. आयप्टेशिया नावाचे डंख मारणारे समुद्रफूल तर बारीकशा तुकड्यातूनही पुन्हा वाढते. समुद्रात यांना खाणारे जीव असतात. बंद टाकीत मात्र सहसा त्यांना आवर घालणारे कोणी नसते.

म्हणून नवा प्रवाळ आधी औषधी पाण्यात बुडवतात. पांढऱ्या टबात टाकीचेच खारे पाणी घ्यायचे, म्हणजे तापमान आणि क्षार जुळतात. त्यात प्रवाळासाठी बनवलेले औषध बाटलीवरच्या प्रमाणातच मिसळायचे. आयोडिनचा मारा मुख्यतः जिवाणूंवर, तर पोटॅशियम क्लोराइडने चपटे कृमी पकड सोडतात. मग बिनसुईच्या सिरिंजने फांद्यांच्या बेचक्यांत पाण्याची हलकी धार सोडायची. टबाच्या पांढऱ्या तळाशी वळवळणारे ठिपके पडू लागले, की कीड कुठे लपली होती ते कळते. ठरलेली मिनिटे भरताच प्रवाळ स्वच्छ खाऱ्या पाण्यात खंगाळायचा.

औषध वाढवून प्रवाळ पुरता निर्जंतुक करण्याचा मोह मात्र टाळावा. प्रवाळ हा प्राणी आहे. त्याच्या पेशींत शैवाल राहते, त्याच्या अंगावरच्या चिकट थरात उपयोगी जिवाणू राहतात. जालीम औषधाने तेही मरतात आणि मागोमाग प्रवाळही.

खरी अडचण अंड्यांची. त्यांचे कवच ही औषधे सहसा भेदत नाहीत. चपट्या कृमीची तपकिरी अंडी प्रवाळाच्या मेलेल्या बुडाशी चिकटलेली असतात. ती खरवडून काढावीत, शक्य तर प्रवाळ ज्यावर चिकटवलेला असतो तो जुना तळखडाच बदलावा. तरी एखादे राहून जातेच आणि पाणी गार असेल तर ते आणखी उशिरा फुटते. गृहिणी नवे धान्य निवडल्याशिवाय जुन्या डब्यात ओतत नाही, तसा नवा प्रवाळ सहा ते आठ आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावा आणि दर आठवड्याला पुन्हा बुडवून तपासावा. जाळी, चिमटे, पंप या टाकीचे स्वतंत्र असावेत.

टबातले औषधी पाणी मुख्य टाकीत तर नाहीच, नाल्यातही ओतू नये. मानकोलीजवळून वाहणारी उल्हास पुढे वसईच्या खाडीतून समुद्राला मिळते. परदेशात काही हौशी लोक प्रवाळ बुडवण्यासाठी शेतीची कीटकनाशके वापरतात. त्यांतली काही कोळंबी आणि खेकड्यांना जीवघेणी आहेत. टाकीतले परके जीवही पाण्यात सोडू नयेत. १९८४ मध्ये मोनॅकोच्या मत्स्यालयाजवळ दिसलेले कॉलर्पा शैवाल पुढे भूमध्य समुद्रात मैलोन्‌मैल पसरले.

आणि या सगळ्याच्या आधी कागदपत्रे. भारतातले दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत. ते समुद्रातून काढणे, विकणे, विकत घेणे गुन्हा आहे. परदेशी दगडी प्रवाळांच्या व्यापारालाही साइट्स या वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराचे परवाने लागतात. विक्रेता परवाना दाखवत नसेल, तर तो प्रवाळ कितीही देखणा असला तरी घरी आणू नका. परवाना असेल, तर वेगळी टाकी आधी भरा आणि मगच खरेदीला जा.