नरक्या आणि नंदुरबारचे वाणी

कोयना, राधानगरी, आंबोलीच्या रानात नरक्या नावाचे एक लहानखुरे झाड वाढते. फुलले की असा दुर्गंध सुटतो की वाटसरू नाक धरूनच पुढे जातो. इमारती लाकूड म्हणून त्याला किंमत नाही. तरीही गेली कित्येक वर्षे या झाडाची चोरटी तोड चालू आहे, कारण त्यात कॅम्पटोथेसिन आहे. आतड्याच्या कर्करोगावरचे इरिनोटेकन आणि बीजांडाच्या कर्करोगावरचे टोपोटेकन ही औषधे याच रेणूपासून तयार होतात.

रेणू पहिल्यांदा सापडला तो मात्र एका चिनी झाडात. चिनी वैद्यकाला ठाऊक असलेल्या कॅम्पटोथेका या वृक्षाचा अर्क १९५०च्या दशकात फिलाडेल्फियातील सरकारी कृषी प्रयोगशाळेत मनरो वॉल यांच्याकडे होता. ते शोधत होते कॉर्टिझोनसाठी लागणारी स्टेरॉइडे. त्यांच्याकडचे सुमारे हजार अर्क अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने तपासले, आणि त्यांत हा एक उठून दिसला. पुढे वॉल नॉर्थ कॅरोलिनातील रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये गेले. १९६२ साली तिथे त्यांना येऊन मिळाले मनसुख वाणी. वाणींचा जन्म १९२५चा, नंदुरबारचा. मुंबई विद्यापीठाची एम.एस्सी. करून ते इंडियाना विद्यापीठात डॉक्टरेटला गेले होते.

त्यांच्या हाती कॅम्पटोथेकाचे वीस किलो लाकूड आणि साल आली. अर्क काढायचा, त्याचे भाग पाडायचे आणि प्रत्येक भाग रक्ताचा कर्करोग झालेल्या उंदरांना टोचायचा. ज्या भागाने उंदीर जास्त दिवस जगले तो ठेवून पुन्हा त्याचे भाग पाडायचे. इथे रसायनतज्ज्ञाचा अंदाज चालत नाही. वाट दाखवते ते उंदराचे आयुष्य. अखेर फिकट पिवळे स्फटिक हाती आले आणि १९६६ साली त्यांची रचना प्रसिद्ध झाली. पाच वर्षांनी याच जोडीने टॅक्सॉल या कर्करोगावरच्याच दुसऱ्या औषधाची रचना उलगडली. इतके मोठे काम करणारा माणूस नंदुरबारचा, हे आपल्या शाळांतून सांगितले जायला हवे.

१९७२ साली मुंबईत गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रातून गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी तोच रेणू नरक्यात असल्याचे दाखवून दिले. चिनी झाडापेक्षा तो इथे कितीतरी जास्त निघाला. चांगल्या नरक्याच्या वाळल्या लाकडात त्याचे प्रमाण ०.३ टक्क्यांपर्यंत जाते.

आज तो शोधणे सोपे आहे. लाकडाची भुकटी मिथेनॉलमध्ये उकळायची, अर्काचा ठिपका सिलिकाच्या पातळ थरावर चढवायचा आणि अंधाऱ्या खोलीत अतिनील दिव्याखाली पाहायचे: एक ठिपका लख्ख निळा चमकतो. मग अर्काचा परिणाम पाहण्यासाठी छोट्या खळग्यांच्या प्लेटमध्ये कर्करोगाच्या पेशी वाढवून त्यांवर अर्क सोडतात आणि वरून पिवळे रंगद्रव्य घालतात. जिवंत पेशी त्याला जांभळे करतात, मेलेल्यांचा खळगा फिकाच राहतो. ‘अमुक पानाने कर्करोग बरा’ अशा बातम्यांमागे पुष्कळदा एवढीच एक प्लेट असते. प्लेटमधली पेशी पुष्कळ गोष्टींनी मरते. नरक्याची साल उगाळून प्यायल्याने कोणी बरा होणार नाही, विषबाधा मात्र होईल.

खुद्द कॅम्पटोथेसिनला औषध व्हायला तीस वर्षे लागली. हा रेणू पाण्यात विरघळत नाही. म्हणून त्याचा सोडियम क्षार करून रुग्णांना टोचला गेला. पण क्षार करताना रेणूतले एक कडे उघडते, आणि ते मिटलेले असेल तरच रेणू नीट काम करतो. गुण थोडा आला आणि मूत्राशयातून रक्तस्रावासारखे त्रास मोठे झाले. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीलाच चाचण्या थांबल्या. रेणू मुळात मारतो कसा, हे तोवर कोणालाच ठाऊक नव्हते.

ते कळले १९८५ साली. डीएनए म्हणजे पीळ भरलेली दोरी. पेशी दुभंगण्याआधी हा पीळ सैल करावा लागतो. त्यासाठी टोपोआयसोमरेज-१ हे विकर दोरीचा एक पदर कापते, पीळ सोडते आणि पदर पुन्हा सांधते. कॅम्पटोथेसिन नेमके सांधण्याच्या वेळी आड येते. काप उघडाच राहतो आणि झपाट्याने वाढणारी पेशी त्यावर अडखळून मरते. हे समजल्यावर कडे शाबूत ठेवून पाण्यात विरघळणारी रूपे घडवण्याला जोर आला. १९९६ साली अमेरिकेत टोपोटेकन आणि इरिनोटेकन दोन्हींना मान्यता मिळाली. झाडे मात्र या विषाने मरत नाहीत. कॅम्पटोथेसिन बनवणाऱ्या वनस्पतींच्या विकरातच असा बदल झालेला आढळतो की रेणू तिथे नीट बसत नाही.

झाडाला कुऱ्हाडीपासून वाचवणारे असे काही नाही. मुळांत रेणूचे प्रमाण जास्त, म्हणून नरक्या मुळासकट उपटला जातो. २००५ साली नरक्यात राहणारी एक बुरशी कॅम्पटोथेसिन बनवते असे भारतीय शास्त्रज्ञांनी दाखवले, तेव्हा आशा वाटली होती. पण प्रयोगशाळेत अशा बुरश्यांची ही क्षमता पिढ्यांगणिक घटत जाते. औषधांसाठी अजूनही झाडच लागते. बुंध्याशी कापलेला नरक्या पुन्हा फुटतो, उपटलेला फुटत नाही. तेव्हा शेताच्या बांधावर आणि पडीक जमिनीवर त्याची लागवड व्हावी, मुळांना हात न लावता फांद्या विकता याव्यात, आणि लाकूड लागवडीचे की रानातले याचा दाखला अर्क विकत घेणाऱ्याने मागितल्याशिवाय सौदा होऊ नये.